बॉस्टन मॅरेथॉन, कॅन्सर संशोधनासाठी: पळायचं कळलं, मागायचं कसं?

ऍशलंडकर:
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज धागाच काढतोय. येत्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉन पळणार आहे. क्वालिफाय वगैरे होऊन नाही हं, तेवढा वेग आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता. डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या टीममधून पळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉस्टनला नुसती फी भरून एंट्री मिळत नाही, एक तर वयोगटाप्रमाणे ठरवून दिलेल्या वेळेत आधी दुसरी मॅरेथॉन पळून दाखवायची, नाहीतर एखाद्या चॅरिटी टीमकडून बिब (छातीवर लावायचा एंट्रीचा नंबर) घ्यायचा आणि त्या बदल्यात निधी उभा करून द्यायचा. ही टीम १९९० पासून आहे आणि तिने जमवलेला सगळा पैसा, म्हणजे अगदी शंभर टक्के, तिथल्या क्लॉडिया ऍडम्स बार प्रोग्रॅममध्ये जातो, मूलभूत संशोधनाला.

पळायचं टेन्शन नाही, प्लॅन मिळालाय, शनिवारी लाँग रन असतो, बर्फ असला तरी सगळे येतात. टेन्शन मागण्याचं आहे. टार्गेट दहा हजार डॉलरच्या वर, आणि कमी पडले तर उरलेले माझ्या क्रेडिट कार्डावर. का करतोय विचाराल तर बाबा. त्यांना मल्टिपल मायलोमा (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे, ट्रीटमेंट पुण्यात चालू आहे, आणि सध्या रोज सकाळी फोनवरून मला चार गोष्टी ऐकवण्याइतके बरे आहेत. पण लोकांना मेसेज लिहायला बसलो की हातच चालत नाही. आपल्याकडे मागणं म्हणजे कसं वाटतं तुम्हाला माहीत आहे. कुणी हे केलंय का? काय लिहिलं, किती वेळा आठवण केली, जरा सांगा.

खमंग_काकडी:
भारीच की! अभिनंदन. मी केलेलं नाही पण मला असे मेसेज येतात त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. दीडशे जणांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर लिंक टाकू नका. सगळे अंगठा दाखवतात आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे देतीलच. एकेकाला नावाने लिहा.

ठाणेकर_आजोबा:
अहो, द्यायचेत पैसे तर सरळ द्या ना, मध्ये हे बेचाळीस किलोमीटर कशाला? आणि अमेरिकेतल्या गडगंज इन्स्टिट्यूटला आपण का म्हणून द्यायचे? परळला टाटाच्या बाहेर जाऊन बघा, बिहार-बंगालहून आलेली माणसं फुटपाथवर पथारी टाकून असतात. त्यांना द्या. संशोधन काय, सरकार बघेल आणि औषध कंपन्या बघतील. राग मानू नका, स्पष्ट बोलायची सवय आहे.

शंकासुर:
आजोबांना +१. शिवाय माझा नेहमीचा प्रश्न, यातले ऑफिसात, टी-शर्टात आणि फोटोत किती जातात?

ऍशलंडकर:
@आजोबा, राग कसला, बाबांनी पण हेच विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे धड नाही हे खरं. कुणी देईल का?

सातारी_कंदी:
मी देतो. (यवतेश्वरचा घाट चढून पळणारा माणूस, सातारा हिल हाफवाला.) आजोबा, "सरळ द्या" हे बरोबर आहे, पण सरळ कुणी देत नाही, हा अनुभव आहे. न्यूयॉर्कच्या ब्रूस क्लीलंड यांच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला होता, तर १९८८ मध्ये त्यांनी ३८ जणांची टीम केली आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन पळून ल्युकेमिया सोसायटीसाठी ३,२२,००० डॉलर जमवले. यातले बहुतेक साधी नोकरी-धंद्यातली माणसं होती, एकट्याला एवढे कुणी दिलेच नसते. त्यातूनच 'टीम इन ट्रेनिंग' उभी राहिली, आणि नवख्या माणसाला कोच द्यायचा, ग्रुप द्यायचा, त्याने पैसे जमवायचे हा जो साचा आज सगळीकडे दिसतो तो तिथून रुळला.

त्याच्याही आधी टेरी फॉक्स. कॅनडाचा पोरगा, हाडाचा कॅन्सर, अठराव्या वर्षी उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. १२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पायावर, रोज जवळपास एक मॅरेथॉन. आत्ताच्या ब्लेड नव्हेत, तेव्हाचा तो जड पाय, त्यामुळे पळताना एक अर्धवट उडी पडायची, व्हिडिओ बघा म्हणजे कळेल. मित्र डग ऑलवर्ड व्हॅन चालवायचा, स्वयंपाक करायचा, दोघांची भांडणं व्हायची, पुढे धाकटा भाऊ येऊन मिळाला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, मग थंडर बेजवळ १ सप्टेंबरला थांबावं लागलं कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. जून १९८१ मध्ये गेला, बावीस वर्षांचा होता. त्याचं म्हणणं प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, आणि जायच्या आधी तो २.४ कोटींचा आकडा पार झालेला त्याने बघितला. कुठल्याही कंपनीची जाहिरात अंगावर घेतली नाही. आजही टेरी फॉक्स रनमध्ये बक्षीस नाही, टायमिंग नाही, एंट्री फी नाही. मुंबईतही झालेली आहे ही रन.

म्हणजे पळणं हे कारण आहे हो, विषय काढायला. "मला पैसे द्या" असं तोंडातून निघत नाही, "मी हे करतोय, तू काय करतोस" हे निघतं.

निवांत_नीला:
सातारी, छान लिहिलंत. मी फ्रेमिंगहॅमला राहते, दोनदा चॅरिटी टीममधून पळलेय (संस्था वेगळी), त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येते.

ऍशलंडकर, लाज कसली वाटते सांग. लहानपणी गणपतीची वर्गणी मागितली असशील ना? पावतीपुस्तक घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढायचं, जोशीकाका दार किलकिलं करून "मागच्या वर्षी एकवीस दिले होते" म्हणायचे आणि आपण "काका यंदा एक्कावन्न" म्हणायचो. तेव्हा का लाज वाटली नाही? तर चौघंजण मिळून जायचो आणि पैसा आपल्या खिशात जाणार नाही हे समोरच्याला माहीत असायचं. इथेही तेच आहे. म्हणून टीमबरोबर माग. आमच्या टीममध्ये आम्ही तिघी मैत्रिणी एकमेकींच्या लिस्ट घेऊन बसायचो, बुधवारी रात्री फोन लावून, आणि ज्याला स्वतः मागायची हिंमत होत नसे त्याला दुसरी लिहायची.

आता मुद्द्याचं. एक, पहिले पैसे स्वतः टाक, पानावर शून्य दिसलं की कुणी हात लावत नाही. दोन, पहिल्या पाच देणगीदारांना आधीच सांगून ठेव की मोठी रक्कम टाका, कारण पानावर वरती शंभर डॉलर दिसले की पुढचा पन्नास टाकतो आणि वरती दहा दिसले की पाच. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक देणाऱ्याला विचार तुमची कंपनी मॅच करते का, म्हणजे तुम्ही दिलेत तेवढेच स्वतःचे घालते का. इथल्या बऱ्याच आयटी आणि फार्मा कंपन्या करतात, आपले लोक त्यातच आहेत आणि अर्ध्यांना पत्ताच नसतो. एका फॉर्मात पैसे दुप्पट. चार, डिसेंबर सोडू नकोस, टॅक्सचं वर्ष संपताना लोक देतात. पाच, बाबांबद्दल लिही पण आजाराचं वर्णन नको, ते सकाळी फोनवर काय ऐकवतात ते लिही.

आणि आठवण तीनदा करायची. लोकांना द्यायचं असतं, राहून जातं. मला एकीने शर्यत होऊन गेल्यावर महिन्याने दिले आणि वर "तू परत विचारलंच नाहीस" म्हणून रागावली.

खमंग_काकडी:
"यंदा एक्कावन्न" 😂 आमच्या चाळीत पावतीवर नाव चुकवलं म्हणून देशपांडे आजींनी वर्गणी परत मागितली होती.

पेशीबहाद्दर:
उशिरा आलो. मी लॅबमध्ये काम करतो (बॉस्टनमध्येच, पण धाग्यातल्या संस्थेत नाही, आधीच सांगतो म्हणजे शंकासुरांना मजा येणार नाही). आजोबांचा दुसरा मुद्दा घेतो, संशोधन सरकार बघेल.

सरकार बघतं, अमेरिकेत तर मोठा पैसा सरकारचाच. पण सरकारी ग्रँटला अर्ज करायचा तर आधीच थोडाफार डेटा दाखवावा लागतो की ही कल्पना चालू शकते. मग तो पहिला डेटा कुठल्या पैशातून आणायचा? तिशीतला नवा शास्त्रज्ञ, नवी लॅब, एक पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक), उंदरांचा खर्च, अँटिबॉडीच्या एवढ्याशा कुपीचे चारशे डॉलर, आणि कल्पना अशी की कमिटीतले निम्मे लोक म्हणणार वेडेपणा आहे. तिथे हा असला पळून जमवलेला पैसा लागतो. कंपनी या टप्प्यावर येत नाही, कारण विकण्यासारखं काही नसतंच अजून. यातल्या बऱ्याच कल्पना फसतात हेही सांगून ठेवतो, देणगीच्या पत्रकात ते कुणी छापत नाही.

आता ऍशलंडकर, तुमच्या बाबांना मायलोमा आहे म्हणालात. पोटावर घ्यायचं बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन असेल बहुतेक, आठवड्याला वगैरे?

ऍशलंडकर:
हो! तेच. पहिले काही महिने तेच चालू होतं. पुण्यात डे केअरला जाऊन घ्यायचे आणि येताना बेकरीत थांबून यायचे. तुम्हाला कसं कळलं?

पेशीबहाद्दर:
मायलोमात ते इतकं वापरतात की अंदाज बांधायला डोकं लागत नाही. पण गंमत पुढे आहे. पेशी आपली नको झालेली प्रोटिन्स एका यंत्रात कुटून टाकते, त्याला प्रोटिअसोम म्हणतात. मायलोमाच्या पेशी अँटिबॉडीसारखं प्रोटीन प्रचंड प्रमाणात बनवत असतात, त्यामुळे त्यांचा कचराही प्रचंड. हे यंत्र बंद पाडलं तर कचरा तुंबून त्या पेशी इतरांच्या आधी मरतात. हे ऐकल्यावर बरेच जण म्हणाले होते की प्रोटिअसोम प्रत्येक पेशीत असतं, माणूसच मरेल. तरी बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या एका कंपनीने रेणू तयार केला, आणि मायलोमामध्ये त्याच्यावरचं लॅबमधलं काम आणि पेशंटवरच्या चाचण्या यात केन अँडरसन आणि पॉल रिचर्डसन पुढे होते. कुठले? डाना-फार्बरचे. २००३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आता भारतात त्याची जेनेरिक्स आहेत, म्हणून तुमच्या बाबांना पुण्यात परवडलं.

त्या औषधात मॅरेथॉनचाच पैसा होता असं मी म्हणत नाही, तसा हिशेब कुणाला लावता येणार नाही. पण "अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूटला का" याचं एक उत्तर पुण्यात बेकरीत पॅटिस खातंय.

अवांतर: उलट दिशेनेही झालंय. सिडनी फार्बर यांनी १९४७ मध्ये बॉस्टनला ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन बघितलं आणि पुढच्या वर्षी पेपर आला, १६ पैकी १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला होता. केमोथेरपीची सुरुवात म्हणून जे सांगतात त्यातलं हे एक. ते औषध लेडर्ली लॅबोरेटरीजमध्ये ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच्याच भावंडातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरतात.

निवांत_नीला:
पेशीबहाद्दर, हा प्रतिसाद मी माझ्या फॅमिली ग्रुपवर टाकू का?

पेशीबहाद्दर:
टाका, फक्त खाली "जरूर वाचा, पुढे पाठवा" लिहू नका.

डॉ_परळ:
आजोबांच्या फुटपाथच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं कारण मी त्या फुटपाथवरून रोज जाते. ते दृश्य खरं आहे, आणि त्या माणसांना राहायला-जेवायला देणाऱ्या संस्थांना जरूर द्या. पण संशोधन म्हणजे परदेशातली महागडी औषधं हा समज काढून टाका. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक ट्रायल केली, भारतातल्या ११ सेंटर्समध्ये, ब्रेस्ट कॅन्सरच्या जवळपास १,६०० स्त्रिया. सर्जरीच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं, दाताच्या डॉक्टरकडे बधिर करायला देतात तेच. बाकी ट्रीटमेंट नेहमीची. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्या गटात ८६.४ टक्के होतं, ते इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के. २०२३ मध्ये पेपर आला. खर्च शंभरेक रुपये. आता सांगा, कुठली औषध कंपनी ही ट्रायल करेल? कुणाला काय मिळणार त्यातून?

दुसरं टोक म्हणजे कार-टी. पेशंटच्याच टी-पेशी (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या) काढून बदलून परत द्यायच्या. अमेरिकेत तीन-चार कोटी रुपये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून इथे बनवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी, किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात. कमी नाहीच, पण कोटींवरून लाखांवर आली ती इथल्या संशोधनामुळे. फुटपाथवरच्या माणसाला नुसती खिचडी देऊन भागत नाही आजोबा, त्याला परवडेल असा इलाज कुणीतरी शोधून काढावा लागतो.

शंकासुर:
माझा टी-शर्टचा प्रश्न राहिला.

निवांत_नीला:
राहिला नाही, चांगला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या संस्थेचा फॉर्म ९९० (टॅक्स खात्याला दरवर्षी द्यायचा हिशेब) नेटवर कुणालाही बघता येतो, त्यात पगार, खर्च सगळं असतं. बघून मग द्या. सगळ्या टीम शंभर टक्के देत नाहीत, काहींचा टीम चालवण्याचा खर्च त्यातूनच जातो, ते लपवत नसतील तर मला त्यात वावगं वाटत नाही. आणि पैसे कायम संस्थेच्या पानावर भरायचे. कुणी "मला जीपे कर, मी भरतो" म्हणालं तर तो कितीही जवळचा असो, नाही म्हणायचं.

ठाणेकर_आजोबा:
वाचलं सगळं. लिग्नोकेनचं माहीत नव्हतं. आमच्या सौ.चं ऑपरेशन २००९ चं. असो. ८०जी मिळेल का?

डॉ_परळ:
आजोबा, अमेरिकन संस्थेला दिलेत तर नाही मिळणार. इथल्या नोंदणी झालेल्या संस्थेला दिलेत तर जुन्या टॅक्स पद्धतीत मिळेल, नव्या पद्धतीत नाही. त्यापेक्षा असं करा, टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये कॅन्सरच्या कामासाठी पळणारे असतात, त्यांच्यापैकी कुणाच्या पानावर टाका. जानेवारीतला तिसरा रविवार. पेडर रोडच्या चढावर उभे राहिलात तर पळणाऱ्यांचे चेहरे बघायला मिळतील, तिथे सगळ्यांना आपापले देव आठवतात.

ठाणेकर_आजोबा:
ठाण्याहून पहाटे पेडर रोडला? ड्रीम रनवाल्यांना बघतो मी टीव्हीवर.

सातारी_कंदी:
आजोबा, फ्रेड लेबोची गोष्ट सांगतो, मग बघा टीव्हीवर बसवतंय का. न्यूयॉर्क मॅरेथॉन ज्याने उभी केली तो माणूस. १९९० मध्ये ब्रेन कॅन्सर निघाला. इतकी वर्षं शर्यत भरवणारा हा, शहराच्या पाची बरोंमधून (विभागांमधून) जाणाऱ्या आपल्याच रस्त्यावर मॅरेथॉन कधी पळला नव्हता. १९९२ मध्ये पळला, साठाव्या वर्षी, बरोबर ग्रेटा वाइट्झ, जिने ती शर्यत नऊ वेळा जिंकलेली. तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा दुप्पटीहून जास्त वेळ ती त्याच्या शेजारी पळत राहिली, ५ तास ३२ मिनिटं. दोघं रडत आले फिनिशला. १९९४ ला तो गेला, आणि पुढे ग्रेटालाही कॅन्सरच झाला, २०११ मध्ये ती गेली. स्लोन केटरिंग या न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलसाठी पळणाऱ्या टीमचं नाव 'फ्रेड्स टीम' आहे ते त्याच्यावरून.

ऍशलंडकर:
हे वाचून गप्प बसलो दोन मिनिटं. बरं, अपडेट: नीलाताईंचं ऐकून चाळीस जणांना नावाने लिहिलं. बाबांचं वाक्य टाकलं, "इतकं पळतोस तर कुणी मागे लागलंय का?" त्यालाच सगळ्यात जास्त रिप्लाय आले. दोघांच्या कंपन्या मॅच करतायत. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बटाटेवड्याचा स्टॉल लावायचं चाललंय.

निवांत_नीला:
हॉलवाल्यांना आधी विचार, बाहेरचं अन्न विकायला परवानगी लागते. आणि वड्याचे पैसे ठरवू नकोस, डबा ठेव, लिंकचा क्यूआर लाव. पाच डॉलरचा वडा म्हटलं की आपले लोक आकार बघतात.

डॉ_परळ:
पळण्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून सांगते, पाणी बेताने प्या. हौशी आणि हळू पळणारे प्रत्येक स्टेशनवर दोन-दोन पेले रिचवतात आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्येच पळणाऱ्यांची तपासणी झाली होती, ४८८ पैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. तहान लागली की प्यायचं.

सातारी_कंदी:
आणि बॉस्टन उतारावर फसवतं. हॉपकिंटनहून निघालात की उतारच उतार, पाय हलके वाटतात, लोक उधळतात. सोळाव्या मैलानंतर न्यूटनचे चढ सुरू झाले की मांड्या उतारानेच संपलेल्या असतात. हार्टब्रेक हिल तसा काही घाट नाही, आमच्या यवतेश्वरला लाजवेल असा मुळीच नाही, पण विसाव्या मैलानंतर येतो हीच त्याची बदमाशी. ट्रेनिंगमध्ये उतार पळायची सवय करा. आणि २०१८ चं हवामान आठवा, पाऊस, वारा, गोठवणारी थंडी, चांगले चांगले एलिट सोडून गेले. हातमोजे दोन जोड ठेवा. पळताना खायचं एनर्जी जेल पोटाला चालत नसेल तर खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की, पण आधी लाँग रनला खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी नवीन प्रयोग नको.

शंकासुर:
फॉर्म ९९० बघितला. पंचवीस डॉलर टाकलेत. टी-शर्ट मिळणार नाही म्हणे.

खमंग_काकडी:
शंकासुर 😂😂 धाग्याचं सार्थक झालं. आम्ही नॅशुआहून बघायला येतोय, कुठे उभं राहायचं?

निवांत_नीला:
ऍशलंड किंवा फ्रेमिंगहॅम. गर्दी कमी, रस्ता आणि कम्युटर रेल्वे जवळजवळ बरोबरीने जातात. बॉस्टनमध्ये शिरायच्या भानगडीत पडू नका, फिनिशजवळचं कोपली स्टेशन त्या दिवशी बंद असतं. आम्ही दरवर्षी फ्रेमिंगहॅम स्टेशनपाशी असतो, चहाचा थर्मास असतो.

खमंग_काकडी:
आमच्या ढोल पथकाचा एक ढोल घरी पडलाय. आणू का?

निवांत_नीला:
ढोल आणा. ताशा नको, मागच्या वेळी शेजारचं बाळ उठलं होतं.